शालिनीताईंनी सांगितलेला शेवट

आमच्या चंडीगढच्या मंडळात मराठी सिनेमा एकाच वेळी दोन भाषांत चालतो. पडद्यावर मराठी आणि हॉलच्या उजव्या कोपऱ्यात शालिनी वाटव्यांची हिंदी. ज्यांना मराठी येत नाही, किंवा येतं पण ऐकायचा कंटाळा आहे, अशी सगळी मंडळी त्या कोपऱ्यात सतरंजीवर बसतात. इथेच वाढलेली पोरं, घरात आलेल्या पंजाबी सुना, शेजारच्या मिसेस बेदी. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत शालिनीताई. हलक्या आवाजात त्या पडद्यावरचं हिंदीत सांगत जातात. मी लॅपटॉप सांभाळते, माझं टेबल त्यांच्या खुर्चीला चिकटून, त्यामुळे दोन्ही सिनेमे एकदम ऐकण्याचं भाग्य फक्त माझं.

भाग्य म्हणते, कारण ताईंचा सिनेमा मूळ सिनेमापेक्षा फार सज्जन असायचा. पडद्यावर सासरा सुनेच्या माहेराचा उद्धार करत असला की ताई सांगायच्या, "ससुरजी थोड़े नाराज़ हैं." नायक झिंगून दारात कोसळला तर कोपऱ्यात तो बिचारा "थका हुआ" असायचा. एकदा दोन भाऊ जमिनीच्या वादावरून कोयते काढून उभे होते आणि इकडे ताई म्हणाल्या, "दोनों भाई बात कर रहे हैं." मी तोंडावर रुमाल धरला. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "अगं ऋजुता, पोरं बसलेली असतात. कशाला कुणाचं मन खट्टू करा."

ताई तशाच होत्या. समोरच्याला लागेल असं वाक्य त्यांच्या तोंडून निघताना मी कधी ऐकलं नव्हतं. माहेर मिरजेचं. नवरा केंद्र सरकारी नोकरीत, त्यामुळे लग्नानंतरचा सगळा संसार बदल्यांवर. भोपाळ, गुवाहाटी, देहरादून, शेवटी चंडीगढ. बदलीवाल्या घरांत टीव्हीची, फ्रिजची, मिक्सरची खोकी फेकत नाहीत, माळ्यावर ठेवतात, कारण पुढची ऑर्डर कधी येईल सांगता येत नाही. श्रीपादराव निवृत्त झाले त्याच आठवड्यात ताईंनी माळ्यावरची सगळी खोकी कबाडीवाल्याला देऊन टाकली. हे त्यांनी मला इतक्या आनंदाने सांगितलं होतं की जणू घरात लग्न ठरलं आहे.

हा हिंदीचा कोपरा त्यांनी सुरू केला तो मुलीसाठी, अवनीसाठी. वाटवे इथे आले तेव्हा अवनी शाळेत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत, आणि मराठी सिनेमाला बसवली की चुळबुळ. म्हणून ताई तिच्या कानात सांगायला लागल्या आणि हळूहळू आजूबाजूला गर्दी जमली. आता अवनी बंगळूरला असते. पाच महिन्यांचं बाळ आहे. नोकरीवर परत रुजू व्हायची तारीख जवळ आली, तेव्हा श्रीपादरावांनी फोनवरच सांगून टाकलं की आम्ही दोघं कायमचे तिकडे येतो, आई बाळाला बघेल. फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं. नवी खोकीही घरात येऊन पडली.

ताईंना कुणी विचारलंच नव्हतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "मला विचारलं नाही गं." याच वर्षी त्या स्वतः गाडी चालवत शेजारच्या पंचकुल्याला पोहायला शिकायला जायला लागल्या होत्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. जीव मुठीत धरून पाण्यात उतरले आणि आता कड न धरता पलीकडे जाते, असं सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मी चिडून म्हटलं, मग सांगा ना घरात, मी जाणार नाही म्हणून. "सांगते," असं म्हणाल्या. पण सांगितलं नाही, आणि मला त्यांचा मनापासून राग आला.

गणपतीत आमच्याकडे सिनेमा ठरलेला, आणि तो इंद्रजित सबनीसांचाच. या माणसाने आयुष्यभर घरं जोडणारे सिनेमे काढले. शेवटी सगळे एका पंगतीला बसतात, आई वाढते, डोळे पुसत माणसं घरी जातात. यंदाच्या उन्हाळ्यात सबनीस गेले. जाण्याआधी त्यांचा एक सिनेमा येऊन गेला होता. इकडे थिएटरात मराठी सिनेमा लागत नाही, त्यामुळे तो कुणी पाहिला नव्हता. त्याचं नाव मी लिहीत नाही, मंडळात त्या नावावरून अजून वाद होतात. त्यावर पुण्यात भांडणं चालली आहेत, अर्धे लोक उठून जातात, असं पेपरात येत होतं. पण आमचे अध्यक्ष चंद्रकांत पुराणिक म्हणाले, पुण्यात कशावरही भांडतात, सबनीस म्हणजे सबनीस, डोळे झाकून लावा. लावला.

सुरुवातीला पुराणिकांनी माइकवरून सांगितलं की वाटवे दांपत्याचा हा इथला शेवटचा गणपती, सिनेमानंतर त्यांचा शाल-श्रीफळ देऊन निरोप. टाळ्या झाल्या. श्रीपादराव पहिल्या रांगेतून उठून सगळीकडे नमस्कार करते झाले. ताई आपल्या खुर्चीतून नुसत्या हसल्या. अवनी त्यांना न्यायलाच आली होती. ती जुन्या सवयीने कोपऱ्यात सतरंजीवर बसली. बाळ तिच्याजवळ नव्हतं, आल्यापासून ते या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं, तेव्हा मिसेस बेदींकडे होतं.

सिनेमा सुरू झाला आणि पहिला तासभर सबनीसच. कोकणातलं घर, अंगण, विधवा अक्का, भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो. शहरातला मुलगा येतो. त्याला जुळं झालंय, आईला घेऊन जायचंय. मला वाटलं, झालं, आता अक्का पापड-लोणचं बांधून घेणार आणि गाडीत बसणार. गाडी दारात उभी राहिली, पिशवी भरली. मग अक्का उंबऱ्याच्या आत थांबली आणि मुलाकडे बघून शांतपणे म्हणाली, "मी येत नाही. तुला वाढवलं ते कर्तव्य म्हणून. माया येईल म्हणून वाट बघितली. ती आलीच नाही." गाडीत नातवंडं रडत होती. तिने दार लावून घेतलं, पान वाढून घेतलं आणि एकटी जेवली. पोटभर जेवली. कॅमेरा तिच्या तोंडावरून हललाच नाही.

आख्खा हॉल गार पडला. आई असं बोलते? आणि सबनीसांच्या सिनेमात? मी ताईंकडे पाहिलं. हे वाक्य त्या कसं गोड करणार, असा पहिला विचार माझ्या डोक्यात आला, खोटं कशाला सांगू.

पडद्यावर अक्का बोलून गेली तरी ताई बोलेनात. कोपऱ्यातली पोरं वर बघायला लागली. मग त्या बोलल्या, नेहमीच्याच आवाजात, पडद्यावरची नजर न काढता.

"माँ कह रही है कि मैं नहीं आऊँगी. तुम्हारे पापा ने हाँ कर दी, मुझसे पूछा नहीं. मुझसे कभी किसी ने पूछा ही नहीं. हर ट्रांसफर में सामान मैंने बाँधा, हर शहर में घर मैंने खोला. अब मैं डिब्बे नहीं बाँधूँगी. जो थोड़े साल बचे हैं, वो मुझे चाहिए. तुमसे प्यार है, बेटा. पर मैं नहीं आऊँगी."

माझा हात लॅपटॉपवरच राहिला. यातलं एक अक्षर सिनेमात नव्हतं. अक्काने जन्मात गाव सोडलं नव्हतं, तिची कुठली ट्रान्सफर? मी अवनीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती.

दिवे लागले आणि एकच कल्लोळ उठला. मराठी बाजू पेटली होती. म्हातारपणी माणसाचं डोकं फिरतं, गणपतीसमोर हे दाखवायचं का, आधी मूर्तीपुढे पडदा तरी ओढायचा होता, असं जो तो बोलत होता. दोन तरुण मुली मात्र म्हणाल्या की इतकं खरं आम्ही आजवर पाहिलं नाही, त्यावर त्यांना त्यांच्याच मावशीने गप्प केलं. सगळ्यांत मोठा आवाज श्रीपादरावांचा. "असली आई असते का कुठे?" ते सगळ्यांना विचारत होते.

इकडे कोपरा रडत होता. सुना डोळे पुसत होत्या आणि पोरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. पुराणिक तरातरा चालत आले. टाळ्या कसल्या वाजवताय, म्हणाले, बाई पोटच्या पोराला माया नव्हती म्हणून सांगते आणि तुम्ही टाळ्या वाजवता? मिसेस बेदी बाळाला खांद्यावर थोपटत उभ्या राहिल्या. तसं तर ती म्हणालीच नाही, त्यांनी ठासून सांगितलं. उलट प्यार है म्हणाली. मुलाच्या पापाजींनी तिला न विचारता हो म्हटलं, याचं तिला दुःख आहे.

"कौन से पापा?" पुराणिक म्हणाले. "वो तो पहले सीन से दीवार पर हैं. हार डाला हुआ है."

मिसेस बेदी थांबल्या. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं. मग पुराणिकांनी पाहिलं, आणि हळूहळू सगळ्या हॉलने. एका पोराने भाबडेपणाने सांगून टाकलं की आंटीने तर डब्बे बांधायचं पण सांगितलं. ते ऐकून श्रीपादरावांचा चेहरा बदलला. त्यांच्या घरी दिवाणखान्यात त्या क्षणी नऊ-दहा कोरी खोकी उभी होती, ती त्यांना आठवली असणार.

"शालिनी," ते म्हणाले, "हे काय सांगितलंस तू या लोकांना?"

ताई खुर्चीतून उठल्या. "अहो, मी येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा. मी इथेच राहते."

एवढंच. शालीचं तबक घेऊन उभी असलेली बाई तशीच मागे सरकली. पुराणिकांनी श्रीपादरावांना दंडाला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मग पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले, सिनेमावर. ते सोपं होतं. मला वाटलं, सुटल्या ताई. मनातून त्यांना शंभर वेळा नमस्कार केला.

पण अवनी तिथेच होती. ती उठून आईसमोर आली आणि मराठीत बोलली. इतक्या वर्षांत मी तिचं मराठी ऐकलं नव्हतं.

"आई, ती बाई वेगळं म्हणाली. मला कळतं मराठी. ती म्हणाली, माया आलीच नाही. ते तू का नाही सांगितलंस?"

"ते तिचं होतं," ताई म्हणाल्या. "माझं मी सांगितलं."

"मग तुझं खरं सांग. मला गोड करून नको सांगू."

आता ताई "असं काय विचारतेस, वेडे" म्हणतील आणि तिला जवळ घेतील, याची मला खात्री होती. इतक्या वर्षांची सवय.

"उशिरा आली," त्या म्हणाल्या. "तू झालीस तेव्हा काहीच वाटलं नाही गं. न्हाऊ घातलं, दूध पाजलं, सगळं केलं. आत मात्र कोरडं. मला वाटायचं, आपण आईच नाही. तू गुवाहाटीला तापाने फणफणलीस, बालवाडीत होतीस, तेव्हा एका सकाळी एकदम आली. मग कधी गेली नाही. हे मी तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलेलं नाही."

मला धक्का बसला तो इथे. अक्का पडद्यावरची होती, ती बोलली आणि संपली. या शालिनीताई होत्या, कुणाचं मन खट्टू न करणाऱ्या. पोटच्या पोरीच्या तोंडावर कुणी हे सांगतं का? मला त्यांचा हात धरून त्यांना गप्प करावंसं वाटलं. आणि अवनी आता काय करेल, या भीतीने मी तिच्याकडे बघवत नसतानाही बघत राहिले.

अवनी रडली नाही. ती खाली सतरंजीवर बसली, आईच्या पायाशी. मिसेस बेदींच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं, त्याच्याकडे तिने पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मला अजून आलेली नाही, आई," ती म्हणाली. "म्हणून तुला नेत होते."

ताई तिच्याशेजारी खाली बसल्या. गुडघ्यांना त्रास होतो, तरी बसल्या.

"मग तू जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "इथे राहा माझ्याजवळ. येईल."