नाणं डाव्या हातात गेलंच नव्हतं

मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. लवकरच मला त्या चेंडूचा वीट आला. शिलाई मशीन बंद होती, टेंभुर्णीतल्या बायकांची ब्लाउजपिसं तशीच पडून होती आणि मी फोन चाळत बसले होते. त्यात एक माणूस नाणं गायब करून दाखवत होता. हाही बोटांचाच व्यायाम, म्हटलं, करून बघू.

घरात दहाची नाणी बरीच होती. आमच्याकडचे दुकानदार ती घ्यायला कुरकुरतात. त्यातलं एक घेतलं. नाणं तळहाताच्या मधोमध ठेवायचं, अंगठ्याखालचा मांसल भाग जरासा आत ओढायचा आणि हात पालथा करायचा. नाणं पडत नाही. निदान त्या माणसाचं पडत नव्हतं. माझं फरशीवर खणखणत पलंगाखाली जायचं.

ओसरीवर सासरे बसलेले असायचे. मी त्यांना मामा म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं बोलणं ‘चहा ठेवू का’ आणि ‘ठेव’ यापलीकडं फारसं गेलं नव्हतं. शेवटी तेच दारात येऊन उभे राहिले.

“काय करून राह्यली गं? सारखं काय पडतंय?”

मी ओशाळले, पण करून दाखवलं. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात दिल्यासारखं केलं, डावी मूठ मिटली, फुंकर मारली आणि उघडली. रिकामी!

“बाही झटक,” मामा म्हणाले. मी झटकली. काहीच पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतातून आल्या आल्या त्यांनी नाणं मागून घेतलं आणि उजेडात धरून फिरवलं. “दोरा हाय याला. तू शिवणारी बाई, तुला बारीक दोरा बराबर सापडतो.”

दोरा नव्हताच. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. नाणं उजव्या हातातच असताना मामा दर वेळी डाव्या मुठीकडं का बघतात? एकदा मी मुद्दाम माझी नजर उजव्या हाताकडं वळवली. “त्या हातात हाय!” ते ओरडलेच. म्हणजे ते माझ्या हातांकडं नाही, माझे डोळे जातील तिकडं बघत होते.

हे सांगितल्यावर त्यांना राहवेना. “मंग मला बी शिकव.”

खुरप्याच्या दांड्यानं त्यांचा तळहात घट्ट आणि कोरडा झालेला. नाणं टिकायचंच नाही, सरकन निसटायचं. म्हणून मी ते मधल्या दोन बोटांच्या मुळाशी ठेवलं आणि त्यांची बोटं धरून जराशी वाकवली. सासऱ्यांचा हात हातात घ्यायची ती पहिलीच वेळ. आम्ही दोघंही नाण्याकडंच बघत राहिलो.

“माझी बोटं तशी बी सरळ होत न्हाईत,” ते म्हणाले. नाणं तिथं बिलकुल हललं नाही.

नजरेचं मात्र जमेना. लपवलेल्या हाताकडंच ती जायची.

“मामा, नाणं खरंच डाव्या मुठीत गेलंय असं समजा.”

“म्हंजे आधी मलाच फसवायचं का?”

“हो.”

त्यांनी नाणं या हातातून त्या हातात करून बघितलं. मग म्हणाले, “हे अवघड हाय गं.”

शुक्रवारचा नमाज पढून त्यांचे लहानपणापासूनचे एक मित्र चहाला आले. मामांनी खिशातून नाणं काढलं. मी दाराआडून बघत होते. त्यांनी डाव्या मुठीकडं असं बघितलं, की क्षणभर मलाही वाटलं, गेलं तिकडं. मूठ उघडली.

“अरे! किधर गया?” मित्र पुढं वाकले.

मामा इतके खूश झाले की त्याच आनंदात उजव्या हातानं बशी उचलायला गेले. नाणं थेट चहात पडलं. मित्र हसता हसता खोकायला लागले. डोळे पुसत मला म्हणाले, “बेटी, हमको बी सिखाव.”

मामांनी मला बोलूच दिलं नाही. बाजेवर सरकून जागा केली, नाणं धोतराला पुसलं आणि मित्राच्या तळहातावर ठेवून ऐटीत सांगितलं, “आता हात पालथा कर. पडंल, पण घाबरू नको.”

मित्रांनी हात पालथा केला. नाणं पहिल्याच फटक्यात तळहाताला चिकटून राहिलं. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.