मामांचं अ‍ॅव्हरेज

पंपावर नळी टाकीत गेली की मामा खाली उतरायचे, गाडीच्या मागे जाऊन दोन्ही तळहात डिकीवर टेकवायचे आणि गाडी गदागदा हलवायला लागायचे. आत गिऱ्हाईक बसलेलं असो नाहीतर नसो. एकदा वणीला निघालेल्या एक आजी आतून ओरडल्या, "अगं बाई, भूकंप!" मामा खिडकीशी आले आणि अदबीने म्हणाले, "भूकंप नाही आजी, डिझेलचा फेस बसवतोय. फेस बसला की अजून थोडं मावतं." एवढं सांगून परत मागे गेले आणि उरलेलं हलवून आले.

आमचं पंचवटीत ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलेलं, आता मी चालवते. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर. गिऱ्हाइकं बहुतेक देवदर्शनाची: सकाळी त्र्यंबकेश्वर, दुसऱ्या दिवशी वणी. मामा अण्णांच्या वेळचे. नात्याने कुणाचेच मामा नव्हते, पण सगळं पंचवटी त्यांना मामाच म्हणायचं. मूळचे नामपूरकडचे. आमच्याशी आमच्यासारखंच बोलायचे, पण चिडले किंवा हळवे झाले की गावाकडची अहिराणी वर यायची.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, जो भेटला की तब्येत विचारायच्या आधी गाडीचं विचारतो. मामांचा प्रश्न एकच. "किती देते?" म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर, अ‍ॅव्हरेज काय. वणीच्या पार्किंगमध्ये अनोळखी माणसाला विचारायचे, पेट्रोल, डिझेल, सीएनजी, काहीही असो. माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरदेव नव्या गाडीतून उतरला, तर मामांनी त्याला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "किती देते?" तो बिचारा फेटा सावरत म्हणाला, "चोवीस." मामा हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, लोक वय कमी सांगतात आणि अ‍ॅव्हरेज जास्त सांगतात. ह्याने टाकी फुल करून मोजलेलंच नाही. मीटरच्या काचेमागच्या आकड्यावर विश्वास ठेवतोय."

मामांचं मोजणं वेगळं होतं. पंप एकच, पंपावरची नळीसुद्धा एकच, गाडीचं तोंडही दर वेळी त्याच बाजूला. टाकी फुल करायची, गाडी चालवायची, परत तिथेच येऊन फुल करायची आणि जेवढं डिझेल बसलं त्याने किलोमीटरला भागायचं. पुढे कुणी गाडी लावलेली असली तर मामा तिच्यामागे थांबून राहायचे. मी तापट बाई. एकदा घाई होती तेव्हा मी कडाडले, "अहो मामा, शेजारची नळी मोकळी आहे ना!" तर म्हणाले, "तिकडची जमीन उतरती आहे ताई, टाकी खोटं बोलते." मी कपाळावर हात मारला आणि त्यांच्याबरोबर थांबले.

अन् चालवणं तर काय सांगू! लांबवर सिग्नल लाल दिसला की इकडे मामांचा पाय वर. गाडी आपली आपण हळूहळू सिग्नलपाशी पोचायची, तोवर तो हिरवा झालेला असायचा. सप्तशृंगीचा घाट ते असे चढायचे की कपातला चहा सांडू नये. मागून हॉर्न वाजायचे, पोरं खिडकीतून ओरडून जायची. मामांना काही फरक नाही. "मामा, जरा दाबा की, आरती चुकेल," असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "आरतीच्या आधी पोचवतो, तुम्ही नारळ काढून ठेवा." आणि खरंच पोचवायचे. आमची ती जुनी डिझेल गाडी मामांच्या हातात बावीस द्यायची. दुसऱ्या ड्रायव्हरांना हे सांगितलं की ते हसायचे.

अण्णांच्या शेवटच्या दीड वर्षात आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागायचं. घरी त्यांना झोप नव्हती. बिछान्यावर कूस बदलत राहायचे आणि सगळ्यांवर चिडचिड करायचे. पण मामांच्या गाडीत बसले की द्वारका चौक यायच्या आत त्यांचा डोळा लागायचा. परत येताना मामा घरासमोर गाडी थांबवायचे आणि मला खुणेने सांगायचे, थांबा, उठवू नका. आम्ही दोघं गाडीबाहेर फुटपाथवर उभे. माझ्या बापाला जी काही झोप मिळाली ती या माणसाच्या पायामुळे मिळाली, हे मी कधी त्यांना बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

अण्णा गेल्यानंतर वर्षभराने गाडीचा प्रश्न निघाला. गाडी जुनी झाली होती, काम निघत होतं आणि डिझेल परवडेना. जो तो म्हणे, इलेक्ट्रिक घ्या, किलोमीटरला दीड रुपयासुद्धा पडत नाही. मी मामांना विचारलं. ते बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोजून बघू. पण आधीच सांगतो ताई, ही विकली की मी घरी जाईन. नामपूरला मुलगा बोलावतोच आहे. नवी गाडी शिकायला आता जीव नाही राहिला."

म्हणजे मोजायचं होतं ते गाड्यांचं नव्हतंच. मामा राहणार की जाणार, ते मोजायचं होतं. आणि मोजणार कोण, तर मामाच. त्यांच्याइतकं चोख मोजणारा माणूस नाशकात मला दुसरा माहीत नव्हता.

ओळखीतल्या एकाने त्याची इलेक्ट्रिक गाडी पंधरा दिवस भाड्याने दिली. पहिल्या दिवशी मामा तिच्याभोवती फिरले, मागे गेले, डिकीवर हात ठेवले आणि अवघडून बाजूला झाले. "टाकीच नाही. हलवायचं काय?" मग त्यांनी आपली युक्ती काढली. गाडी ऑफिसच्या प्लगवर लावायची आणि विजेच्या मीटरचा आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहायचा. पण मीटरवर दुसरं काही चालू असेल तर मोजणं खोटं. म्हणून पंखा बंद, फ्रीज बंद, कॉम्प्युटर बंद. एप्रिल महिना! मी दुपारभर बुकिंगच्या वहीने वारा घेत बसलेली, पाणी कोमट, आणि मामा मीटरखाली स्टूल टाकून पहारा करताहेत. शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याने चार्जरसाठी आमच्याकडे प्लग मागितला तर त्याला अशा नजरेने बघितलं की तो दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही.

एक दिवस डिझेल, एक दिवस इलेक्ट्रिक. रस्ता तोच, सकाळी वणीचा गड आणि परत. दोन्ही गाड्या मामाच चालवत होते. "पाय एकच पाहिजे," म्हणायचे, "नाहीतर तुलना कसली?" आठवडा झाल्यावर मी कागद घेऊन बसले. चालवण्याच्या खर्चात इलेक्ट्रिक स्वस्त होती, त्यात वादच नाही. पण नव्या गाडीचा बँकेचा हप्ता धरला की जुनी थोडक्यात पुढे जात होती. दुरुस्ती धरूनसुद्धा. मी दोनदा हिशोब केला. खरं सांगते, आनंदाने माझे डोळे भरून आले. मी ओरडलेच, "मामा, जुनी जिंकली! राहा आता गुपचूप!"

मामांनी कागद हातात घेतला. बावीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले. मग खुर्चीवर बसले आणि त्यांच्या तोंडून अहिराणी निघाली.

"ताई, हाऊ आकडा मना शे. गाडीना नही."

मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. तर त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. बावीस गाडी देत नाही, बावीस त्यांचा पाय देतो. त्यांचं वय बघता आणखी दोन वर्षं, फार तर तीन. त्यानंतर ही गाडी सुरेशच्या हातात जाणार. सुरेश म्हणजे आमचा दुसरा ड्रायव्हर, चाळिशीचा, मनाने सोनं आणि पायाने दगड. "माझ्या पायावर तुमचं ऑफिस उभं करू नका. पाय माझ्याबरोबर जाणार. माझीच चूक झाली, पाय एकच पाहिजे हे खरं, पण तो माझा नको होता. उद्यापासून सुरेश चालवेल."

मी भांडले. अगदी कडाकडा भांडले. म्हटलं, मालक मी आहे, मला बावीस मान्य आहे. ते म्हणाले, मालकाने मान्य करून अ‍ॅव्हरेज वाढत नाही.

पुढचा आठवडा सुरेशने दोन्ही गाड्या चालवल्या. मामा शेजारी बसले आणि एकदाही "पाय उचल" म्हणाले नाहीत. सुरेशने नंतर मला सांगितलं, घाटात तो गिअर ओढायचा तेव्हा मामा खिडकीबाहेर तोंड करून बसायचे. इलेक्ट्रिक गाडीला सुरेशच्या पायाने फारसा फरक पडला नाही. उतारावर ती स्वतःच थोडी वीज परत घ्यायची. डिझेल गाडीचा आकडा मात्र सोळावर आला. सोळाने हिशोब मांडला आणि जुनी गाडी चांगलीच हरली. मामांनी तो कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला. "आता बरोबर शे," म्हणाले.

या माणसाने काही न करता गप्प बसायचं होतं. एवढंच. पहिल्या कागदावर गप्प राहिले असते तर आजही समोर स्टुलावर बसलेले असते. माझा राग त्यांच्यावर होता की त्या कागदावर, मला आजही सांगता येत नाही.

जुनी गाडी घेतली ती नामपूरच्याच एका कांदा व्यापाऱ्याने. त्याने विचारलं, "किती देते?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "सोळा धरा." त्यांच्या गावाकडेच जायची होती, म्हणून पोचवायला तेच गेले. वळकटी, एक ट्रंक आणि स्टीलचा डबा मागच्या सीटवर. निघताना मी म्हटलं, "मामा, खड्ड्यात गेला हिशोब, राहा ना." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जे त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं, आणि गाडीत बसले. मी आत येऊन पंखा लावला आणि त्याखाली रडत बसले.

आता नवी गाडी आहे. आवाज नाही, धूर नाही, हप्ते वेळेवर जातात. हिशोब अगदी मामा म्हणाले तसाच बसला, एका पैशाचाही फरक नाही. सुरेश चांगला आहे. पण सिग्नलला त्याने ब्रेक मारला की मी पुढे जाते, आणि दर वेळी मला मामा हवे असतात. नुसती आठवण येते असं नाही, मला ते हवे असतात, इथे, समोर.

दोन महिन्यांपूर्वी त्या व्यापाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुमच्या त्या ड्रायव्हरचा नंबर द्या ना. त्या दिवशी ते गाडी घेऊन आले, मी शेजारी बसून बाजारापर्यंत गेलो. तेव्हापासून माझ्या ड्रायव्हरचं चालवणं मला सोसवत नाही. गावातच आहेत म्हणे, पण मळ्यावर राहतात, भेट होत नाही." मी म्हटलं, "नंबर नाहीये माझ्याकडे." आणि फोन ठेवला.

खोटं बोलले. नंबर मला पाठ आहे. मला मिळाले नाहीत तर ह्याला का मिळावेत, एवढंच डोक्यात होतं. दोन दिवस मी तो फोन कुणाला सांगितला नाही. जेवण गोड लागेना. त्यांची गाडी आणि ते एकाच गावात, मध्ये मी भिंत होऊन बसलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याला नंबर पाठवून दिला.

मागच्या रविवारी मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, एक कबूल करायचंय. तुमचा नंबर मागितला होता, तो मी दोन दिवस दाबून ठेवला."

पलीकडे मामा हसले. "दोनच दिवस? मला वाटलं होतं, तुम्ही देणारच नाही."

मागे गाडीचा आवाज येत होता, आमच्या जुन्या गाडीची तीच धडधड, मी हजारात ओळखीन. मी विचारलं, "रस्त्यात आहात का? चालवत असाल तर ठेवते."

"नाही ताई, बाजारापाशी झाडाखाली उभी आहे."

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे मामांच्या लेखी पाप. मी वाट बघत राहिले, आता बंद करतील, आता करतील. त्यांनी फोन गाडीच्या पुढे नेला असावा, कारण आवाज मोठा झाला. बराच वेळ गाडी नुसती चालू राहिली, एक किलोमीटरही न जाता, आणि मी ऐकत होते.