उभ्या सळ्यांची जाळी

निवेदन देतानाचा फोटो कसा काढायचा, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. मध्ये साहेब. कागदाचं एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं अध्यक्षाच्या, आणि उरलेल्या कागदाला जितकी बोटं लागतील तितकी लावायची. मागच्या रांगेतला माणूससुद्धा पुढच्याच्या काखेखालून हात घालून कागदाला शिवतो. शिवला नाही तर तो आलाच नव्हता, असं धरतात. असा एक फोटो आमच्या फ्रिजच्या दारावर दोनेक महिने लावलेला होता. त्यात अध्यक्ष मी. इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर हेल्मेट. साहेबांच्या खोलीत, पंख्याखाली, हेल्मेट.

हल्ली तो फोटो तिथे नाही. पाहुणे आले की मी ही गोष्ट हेल्मेटपर्यंत रंगवून सांगतो. लोक हसतात, चहा येतो, गोष्ट तिथेच संपते. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण तिला सांगावं लागलं नाही.

मूळचा मी साताऱ्याचा. नोकरीनिमित्त सांगलीत आलो, सासुरवाडी इथलीच, त्यामुळे इथलाच झालो. पन्नाशीच्या तोंडावर रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. चालण्याऐवजी मी सायकल घेतली. गिअरची. सोबत हातमोजे, काळा चष्मा आणि अंगाला चिकटून बसणारी चड्डी. ती चड्डी पाहून बायको म्हणाली, "अहो, निदान आपल्या गल्लीतून तरी वरून काहीतरी घालून जा."

साताऱ्याच्या थोरल्या भावाला फोनवर ही बातमी सांगितली, तर तो कितीतरी वेळ हसतच राहिला. "तू आणि सायकल? लेका, सगळी शाळा तू पोवई नाक्याच्या चढावर सायकल हाताला धरून नेलीस. लोकांना वाटायचं, हा सायकल फिरवायला आणतो."

"सांगली सपाट आहे, दादा."

"म्हणून तर तुला पोरगी तिकडची बघितली," तो म्हणाला.

आमचा आठदहा जणांचा गट झाला. रविवारी सकाळी हरिपूरपर्यंत जायचं, येताना इडली खायची. एका रविवारी इडली खाता खाता कुणीतरी म्हणालं, की एवढं सपाट शहर, पण इथे सायकलवाल्यांसाठी काही म्हणजे काही नाही. दुसऱ्या प्लेटपर्यंत समिती झाली. मी हात धुवायला उठलो होतो. परत येऊन बसलो तेव्हा मी अध्यक्ष होतो. पहिल्या बैठकीला आम्ही सगळे चारचाकीतून आलो आणि गाड्या लावायला जागा मिळेना म्हणून बैठक अर्धा तास उशिरा सुरू झाली. याचं तेव्हा कुणालाच हसू आलं नाही, हे आज आठवलं की कसंतरी होतं.

निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी बसायचो. स्वयंपाकघरात मावशींच्या चपात्या चाललेल्या असायच्या. या मावशी आमच्याकडे सात वर्षं स्वयंपाकाला आहेत. आमच्यासकट चार घरं करतात आणि चारही घरं सायकलवरून करतात. सायकल मुळात त्यांच्या मुलीची, तिला शाळेत असताना मिळालेली. मुलगी लग्न होऊन कवठे महांकाळला गेली, सायकल मावशींकडे राहिली. साडीचा काचा मारून, हँडलला पिशवी अडकवून त्या पावणेसातला आमच्या दारात घंटी वाजवतात. आमच्या अख्ख्या समितीने मिळूनही तेवढी सायकल चालवली नसेल. आणि त्यांना समितीत घ्यावं, असं माझ्यासकट कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनीच विचारलं. "दादा, रोज कशाचं लिवताय?"

"सायकलवाल्यांच्या मागण्या, मावशी. मोठ्या साहेबांना द्यायच्यात."

"म्हंजे आमच्याबी?"

"तुमच्याच की!" मी म्हणालो. फार छान वाटलं मला तसं म्हणताना.

"मग एक लिवा. त्या शाळंच्या वळणावर गटारीवर जाळी हाय न्हवं, तिच्या सळ्या उभ्या हायती." त्यांनी पापड भाजायची जाळी उचलली, ओट्यावर ठेवली आणि लाटणं सळ्यांच्या फटीवरून नेऊन दाखवलं. "अशी उभी. चाक बरोबर आत बसतंय. कडंनं जावं तर जाळी, मदी जावं तर गाड्या." मग जाळी फिरवली. "अशी आडवी करा म्हनावं. दुसरं काय न्हाई."

"मावशी, स्वतंत्र सायकल ट्रॅक झाला की जाळीचा प्रश्नच राहणार नाही."

"त्यो कवा हुनार?"

"होईल की. वेळ लागतो अशा गोष्टींना."

"मी तर उद्या यायची हाय," मावशी म्हणाल्या आणि तव्याकडे वळल्या.

मी ती मागणी लिहिली. बारावी म्हणून लिहिली, हे खरं आहे. पुढच्या बैठकीत आमच्या सचिवांनी मसुदा टाइप करून आणला आणि एक अडचण सांगितली. बारा मागण्या घातल्या की सह्या दुसऱ्या पानावर जातात. दोन पानांचं निवेदन फोटोत चांगलं दिसत नाही, मागचं पान खाली लोंबतं. एक मागणी कमी केली की सगळं एका पानात बसतं. कोणती काढायची?

लाल रंगाचा सायकल मार्ग काढणं शक्यच नव्हतं. वार्षिक सायकल महोत्सवही नाही. कुणीतरी म्हणालं, नदीकाठचा सेल्फी पॉइंट काढू. तो सेल्फी पॉइंट माझा होता. मी सुचवला होता, त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "जाळीचं तसं किरकोळ आहे. ते आपण तोंडी सांगू."

खरं कारण त्याहून वाईट आहे. एवढ्या मोठ्या साहेबांपुढे गटाराची जाळी काय न्यायची, याची मला लाज वाटली होती. लाज वाटायची जागा माणूस कशी चुकतो पाहा.

मग सह्या. प्रत्येकाने निवेदनाच्या आपापल्या प्रतीवर वीस आणायच्या असं ठरलं. मला अठरा मिळाल्या. एकोणिसावी बायकोची. विसावी राहिली म्हणून मी कागद आणि पेन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "मावशी, इथे एक सही करा."

त्यांनी पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि कागद घेऊन खिडकीपाशी गेल्या. बराच वेळ तिथे उभ्या होत्या. मला वाटलं, सहीची सवय नसेल, जागा शोधत असतील. त्यांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, परत सुलटा केला आणि सही केली. "झालं?" असं विचारून कणकेकडे गेल्या.

निवेदनाच्या दिवशी मी सायकल गाडीच्या मागे बांधून नेली, महापालिकेच्या ऑफिसच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरवली आणि तिथून चालवत फाटकातून आत गेलो. साहेब म्हणाले, उपक्रम चांगला आहे. फोटो झाला, चहा झाला, नमस्कार झाले. तोंडी सांगायचं होतं ते मला परतीच्या वाटेवर गाडीत आठवलं. फोन करता आला असता. दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि मी तो कापून फ्रिजवर लावायच्या उद्योगात होतो.

पुढे महिना-सव्वा महिना गेला असेल. एका सकाळी सात वाजले तरी घंटी वाजली नाही. सव्वासातला बायकोला फोन आला. शाळेची गाडी मागून आली, मावशींनी सायकल कडेला घेतली आणि पुढचं चाक जाळीत बसलं. त्या हँडलवरून पुढे फेकल्या गेल्या. उजवं मनगट.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा प्लास्टर चाललं होतं. मावशींचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. बायकोला पाहून म्हणाल्या, "वैनी, काल सांजंला डाळ भिजवल्याली हाय, तेवढी बगा." मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"दादा, तुमी तर लिवलं हुतं की," त्या म्हणाल्या. "त्यास्नीच जमलं नसंल."

तिथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी बोललो ते असं: "हो ना, मावशी. कितीही लिहा, ऐकतंय कोण?" वर मान हलवली. निराश नागरिक हलवतो तशी, दोनदा.

निवेदनाच्या शुद्धलेखनाच्या चुका बायकोनेच काढल्या होत्या. परत येताना घराजवळच्या वळणावर ती एवढंच म्हणाली, "कितीही लिहा, म्हणे."

स्वयंपाक करणाऱ्या बाईचं मनगट मोडलं म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवशी कणीक मळताना कळलं. दहा मिनिटांत माझा हात भरून आला. आणि मावशी चार घरांची मळायच्या. त्या चारपैकी एका घराने आठवड्यात दुसरी बाई पाहिली, दुसऱ्याने पंधरा दिवसांत. बायको डबा घेऊन त्यांना भेटायला जायची. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवून दाखवली आणि विचारलं, "चपाती लाटाय येईल न्हवं, दादा? डाक्टर काय बोलंना." मी म्हणालो, येईल. मला काय माहीत होतं?

शेवटी एका सोमवारी मी त्या ऑफिसात गेलो. एकटा, समितीला न सांगता. दोन नंबरच्या खिडकीत एक तरुण अभियंता बसला होता. मोबाइलवर मी त्याला जाळी दाखवली. त्याने पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही त्या सायकलवाल्यांचे अध्यक्ष ना? मग हे तुमच्या निवेदनात का नाही घातलंत? मी वाचलंय ते सगळं. सेल्फी पॉइंट होता त्यात."

"राहून गेलं," मी म्हणालो.

"एवढ्याला काय लागतं? निवेदनाबरोबर आलं असतं तर त्याच आठवड्यात केलं असतं."

तिसऱ्या दिवशी दोन माणसं वेल्डिंगचं यंत्र घेऊन आली. त्यांनी उभ्या सळ्यांवर आडव्या पट्ट्या जवळजवळ मारल्या. अर्धा तासही लागला नाही. मी समोरच्या टपरीवर उभा राहून बघत होतो. फोटो काढावा म्हणून सवयीने मोबाइल बाहेर काढला आणि परत खिशात ठेवला. घरी आलो आणि फ्रिजवरचा फोटोही काढून टाकला.

अडीच महिन्यांनी मावशी आल्या. चालत आल्या. मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. लाटणं अर्ध्यात थांबायचं, मग त्या डाव्या हाताने पोळपाटच थोडा फिरवून घ्यायच्या. चपाती गोलच व्हायची, पण जिथे चार व्हायच्या तिथे दोन. मी चहाचा कप घेऊन दारात उभा राहिलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेली. गॅलरीत कपडे नव्हते.

"मावशी, एक सांगायचं होतं. ती जाळी मी निवेदनात लिहिलीच नव्हती. म्हणजे, लिहिली होती, मग मीच काढली."

मावशींनी तव्यावरची चपाती उलटली. "व्हय. ठावं हाय मला."

"कसं काय?"

"आवं, सही करायच्या आधी वाचलं की मी. सातवी शिकल्याली हाय, दादा. अकराच हुत्या. मला वाटलं मागल्या अंगाला असंल, म्हनून उलटून बगितलं. तर कोरं."

"मग सही का केलीत?"

"तुमी पेन धरून उभं हुता. किती येळ उभं करायचं मानसाला?"

कप खाली ठेवावा असं मला वाटत होतं, पण तो ठेवायला ओट्यापर्यंत जायला हवं होतं. तेवढं धाडस झालं नाही. "आणि दवाखान्यात? तिथे तर तुम्हीच म्हणालात की मी लिहिलं होतं."

मावशी पहिल्यांदा वळल्या. "तुमचं त्वांड बगवत नव्हतं, दादा. माजा नुसता हातच दुखत हुता."

पुढचं मी अध्यक्षाच्या सवयीने बोललो. "मावशी, आता तुमच्या आणखी काही अडचणी असतील तर सांगा. या वेळी मी नक्की..."

"हाय की एक," त्या म्हणाल्या. "मंडईपाशी सायकल लावाय जागा न्हाई. पर तुमी नगं. माजी मीच जाऊन सांगीन. तुमी कुठल्या खिडकीला गेला हुता, तेवढं सांगा."

"दोन नंबरच्या," मी म्हणालो. "जिना चढून डावीकडे."

"दोन नंबर, डावीकडं," मावशी स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी पोळपाट फिरवून घेतला.