विजेची गाडी आणि वीज खात्यातला माणूस

वीज खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस विजेवर विश्वास ठेवत नाही. हलवाई स्वतःच्या दुकानातली जिलबी खात नाही, तसलाच प्रकार. लोकांना वाटतं करंट भिंतीतून येतो. तो कुठल्या कुठल्या माळावरून, किती बाभळींना ओरबाडत येतो, ते मला ठाऊक. एकाच खारीनं ट्रान्सफॉर्मरवर बसून अर्ध्या धारवाडाला तीन तास अंधारात ठेवलेलं मी पाहिलंय. रिपोर्टात कारण म्हणून मी 'खार' लिहिलं, तर वरून पत्र आलं की तिचा जबाब का घेतला नाही. माझा स्वतःचा आणि करंटचा तीनदा समोरासमोर परिचय झालाय. तिसऱ्या वेळी त्यानं मला ओळखलं आणि हळूच सोडलं, म्हणून हे लिहितोय.

त्यामुळे सूनबाईनं विजेची गाडी घेऊ या म्हटल्यावर मी हातातली भजी परत ताटलीत ठेवली. मी भजी खाली ठेवली की घरात सगळ्यांना कळतं, प्रकरण गंभीर आहे.

तिला बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची कायम नोकरी लागली होती. हजर व्हायचं पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. बसनं जायचं तर धारवाडच्या सप्तापुरातलं घर ते स्टँड, तिथून बेळगाव, तिथून कॉलेज, आणि परत तेवढंच. पाच वर्षांची नात आईला फक्त झोपेत भेटली असती. दुसरा मार्ग म्हणजे बेळगावात खोली घ्यायची आणि शनिवारी घरी यायचं. खोली बघूनही झाली होती. मालकीणबाई एक दिवसाआड फोन करून विचारायच्या, घेताय की देऊ दुसऱ्याला. आमची जुनी डिझेल गाडी होती, नाही असं नाही. पण ती सुरू झाली की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरायच्या, आणि रोज तिच्यातून बेळगाव करायचं तर सुनेला पगार परस्पर पंपावरच मागवून घ्यावा लागला असता.

म्हणजे प्रश्न सरळ होता. विजेची गाडी रोज बेळगावला जाऊन येत असेल तर सून घरात राहणार, नसेल तर नाही.

"अप्पा, बॅटरीत काय असतं ते मला सांगू नका," ती म्हणाली. "ते मी शिकवते."

"बॅटरीत काय असतं ते तुला ठाऊक, मान्य. बॅटरीत काय नसतं ते मला ठाऊक."

माझा मुलगा तारिहाळला कारखान्यात आहे. तो आपलं तोंड तिथं मशीनवर ठेवूनच घरी येतो. 

हुबळीच्या एका दुकानदारानं एक दिवस ट्रायलला गाडी दिली. सकाळी सून किल्ली घेऊन खाली उतरली तर गाडीत आधीच माणसं बसलेली. मागच्या सीटवर माझ्या खात्यातले दोन निवृत्त लाइनमन, दोघे भाऊ. थोरला एकदा खांबाला टेकून उभा राहिला होता, तो खांब अजून वाकडा आहे. डिकीत ज्वारीची दोन पोती, बेळगावच्या माझ्या बहिणीसाठी म्हणून. बहिणीला ज्वारी नको होती. तिला डॉक्टरांनी ज्वारीच खा म्हटलंय अशी अफवा मी त्याच सकाळी उठवली होती.

"अप्पा, ही ट्रायल आहे का वऱ्हाड निघालंय?"

"संसारात लोड घ्यावाच लागतो, बाळ. मोकळी गाडी काय, ढकलली तरी बेळगावला जाईल."

आमची ही वर गॅलरीत उभी होती. तिथून म्हणाली, "अहो, गाडीला दमवताय का सुनेला?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. कित्तूरपर्यंत एसी सोळावर ठेवायला लावला. भर उन्हात दिवे चालू. धाकटा लाइनमन कुडकुडत टॉवेलात शिरला आणि आदराचा कानडी 'र' जोडून म्हणाला, "साहेब्र, मी खांबावर पावसात बसलोय, पण असा गारठलो नव्हतो."  सून नुसती समोरच्या काचेवरच्या बॅटरीच्या आकड्याकडे बघत होती, आणि मी तिच्या बघण्याकडे. गाडीचा आवाज तर काहीच नाही. आवाज नसलेल्या यंत्राचा मला मोठा संशय. मोटर जळायच्या आधी अशीच गप्प होते.

बेळगाव झालं, बहिणीनं पोती बघून कपाळाला हात लावला, एक पोतं ठेवून घेतलं, एक परत पाठवलं. संध्याकाळचे चार वाजायच्या आत आम्ही धारवाडच्या वेशीवर. आकडा एकतीस टक्के.

सून हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

आता माणसानं इथं हार मानावी. पण मी छत्तीस वर्षं मीटर वाचलेत. मीटरला चुंबक लावून झोपवलेला पाहिलाय, उलटा फिरवलेला पाहिलाय. हुबळीत एका घरात तर मीटरला रोज हळदकुंकू लावायचे आणि बिल खरंच कमी यायचं. तेव्हा काचेवरच्या एकतीसला एकतीस कोण मानतो. मी म्हटलं, माझा चष्मा हुबळीत कोप्पीकर रोडवर दुरुस्तीला टाकलाय, आत्ताच आणायला हवा.

"चष्मा तुमच्या नाकावर आहे, अप्पा."

"हा जवळचा. लांबचा आणायचाय."

गेलो. कोप्पीकर रोडच्या गर्दीत माणसाची चप्पल पुढे सरकत नाही, तिथं गाडी तासभर रांगली. दुकानात कसला चष्मा, मी आत जाऊन पाणी पिऊन आलो. परत घरी आलो तेव्हा आकडा बारा. म्हणजे एकतीस खरेच एकतीस होते. थोरला लाइनमन उतरताना गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाला, "साहेब्र, हिच्यात दम आहे." माझाच माणूस, आणि असा फुटला.

मी नाकावरचा जवळचा चष्मा काढून पुसत बसलो. 

सून म्हणाली, "आता लावून बघू चार्जिंगला. रात्रभरात भरते म्हणतात."

जिन्याखाली एक जाड प्लगाची जागा होती, पंपासाठी केलेली. तिथं वायर लावली. संध्याकाळचे सात. एव्हाना हवा पावसाळी झालेली, आठही फ्लॅटमध्ये गिझर चालू, कुणाचं इडलीचं वाटण चाललेलं, कुणाची इस्त्री. गाडीवर हिरवा दिवा लागला. मी मनात दहा आकडे मोजायला घेतले. सातावर 'फट्' झालं आणि आख्खी बिल्डिंग बसली. वाटण थांबलं. वरून कुणीतरी "करंट होयतु" म्हणून ओरडलं, म्हणजे गेला.

खरं सांगतो, माझ्या छातीत दिवाळी झाली.

"खाल्ला ना फ्यूज," मी म्हणालो. "गाडी बेळगावला जाईल गं. पण पोट भरायला तिला दारात काय आहे?"

सुनेनं वायर काढून घेतली, गुंडाळायला लागली. तिचं तोंड बघून माझ्या छातीतली दिवाळी जराशी विझली. त्याच वेळी जिन्यावरून आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी उतरले. निवृत्त गणित मास्तर. पन्नास वर्षांत हातात आलेला एकही कागद त्यांनी टाकलेला नाही. त्यांच्या घरी म्हणे किराण्याच्या पुड्याचे कागदसुद्धा इस्त्री करून ठेवलेत.

"साहेब, फ्यूज गाडीनं नाही खाल्ला," ते म्हणाले. "तुम्ही खाल्लात."

"मी? मी इथं उभा आहे, सर."

"आत्ता नव्हे. थांबा."

वर गेले आणि एक फाईल घेऊन आले. बिल्डिंग बांधली तेव्हा वीज खात्याकडे केलेला अर्ज. चाळीस किलोवॉट भार मागितलेला. त्याच्या समासात लाल शाईत कानडीतला शेरा होता. सरांनी तो वर्गात गणित सांगावं तसा मराठीत करून वाचला: एवढ्या भाराची आवश्यकता दिसत नाही. अर्जदार पिठाची गिरणी घालणार असल्याचा संशय आहे. वीस मंजूर. आणि खाली सही. मोरानं पिसारा फुलवावा अशी सही त्या काळी जिल्ह्यात एकाच माणसाची होती.

निवृत्तीनंतर मी याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, पण त्या शेऱ्याची मला शपथेवर आठवण नव्हती. असे शेरे मी दिवसाला वीस मारायचो.

"गिरणीचा संशय कशावरून आला होता, साहेब? तेवढं सांगा," सर म्हणाले.

मला आठवलं. तपासणीला आलो होतो तेव्हा जिन्याखाली दळणाची दोन दगडी जाती ठेवलेली होती.

"जाती बघून," मी म्हणालो.

"ती माझ्या आईची. हातानं दळायची." सरांनी फाईल मिटली. "हाताच्या जात्याला करंट लागत नाही. आठवीत शिकवतो आम्ही."

धाकटा लाइनमन तोंडावर टॉवेल धरून भिंतीकडे वळला. सुनेनं वायर गुंडाळायची थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "म्हणजे अप्पा, तेव्हा चाळीस दिले असते तर आज चाललं असतं."

मी सरांच्या हातातली फाईल उघडून सही पुन्हा एकदा पाहिली. माझीच होती.

आता भार वाढवायचा तर नवा अर्ज, खांबापासून जाड वायर, आणि त्यावर आठही घरांच्या सह्या. मी सरांना म्हणालो, अर्ज मी लिहितो, खात्याच्याच भाषेत, एका फटक्यात पास होईल असा. सर म्हणाले, ते खरं, पण गाडीचा मीटर कुणाच्या नावावर?

"माझ्या. वेगळा मीटर."

"आणि तुम्ही चोरून खांबाच्या तारेवर आकडा टाकणार नाही कशावरून? तुम्हाला सगळे आकडे ठाऊक."

माझ्या तोंडावर कुणी असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. आकडे टाकणाऱ्यांना मी भल्या पहाटे टेरेसवरून उतरवलंय. एकाला तर लुंगीसकट. पण सरांची नजर मी ओळखली. तीस-पस्तीस वर्षं मी लोकांच्या घरात हीच नजर घेऊन शिरत होतो. समोरून कशी दिसते ते प्रथमच पाहिलं. चांगली दिसत नाही.

"मीटर फाटकाशी बसवू," मी म्हणालो. "काच तुमच्या खिडकीकडे. रोज वाचा. चुंबक दिसला तर मला बोलवा, काढायचा कसा हे मी दाखवतो."

"नोडोण," सर म्हणाले. बघू या.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. भाराची आवश्यकता या रकान्याशी बराच वेळ थबकलो. मग लिहिलं: आवश्यकता आहे. घरातील एक व्यक्ती रोज बेळगावला जाऊन संध्याकाळी परत येणार आहे. आठ घरं फिरलो. सात सह्या चहासकट मिळाल्या. आठवे सर. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, जुन्या फाईलमधला कागद शेजारी ठेवून सही तीच आहे का ते पाहिलं, आणि मग आपली केली. छोटी, सरळ, मोजून काढल्यासारखी.

खात्यातल्या माझ्या जुन्या पोरांनी महिन्याभरात जाड वायर ओढून देतो म्हणून सांगितलं. त्यांच्या महिन्यावर माझा विश्वास नाही. गाडी घ्यायची आणि तोपर्यंत हायवेवरच्या चार्जिंगवर भागवायचं ठरलं, त्यावरही नाही. पाऊस, गारठा, तीन वर्षांनी बॅटरी म्हातारी झाल्यावर काय, यातलं एकही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

सुनेनं अर्ज हातात घेऊन सह्या मोजल्या. मग बेळगावच्या मालकीणबाईंना फोन लावला.

"खोली नको, काकू," ती म्हणाली. "हो, रोज जाऊन येणार." मग माझ्याकडे पाठ करून, आवाज खाली आणून: "पण दुसऱ्या कुणाला द्यायच्या आधी एकदा मला फोन कराल का?"

नात तिच्या पायाशी बसून पाटीवर गाडी काढत होती. मी तिला म्हटलं, चाकं काढ, दिवे काढ, आणि मागून एक लांब वायर काढ, फाटकापर्यंत.