दीपगृहाखालचा फोटो

माळा आवरताना कंपनीच्या सहलीची पिवळी टोपी सापडली. नाकाशी धरली तर अजून खारा वास येतो, की मलाच तसं वाटतं, कोण जाणे.

कुरुळीहून दोन बस भरून आम्ही कोकणात गेलो होतो. दीपगृहापाशी उतरताच आमचा सुपरवायझर दत्ताभाऊ पिशवी घेऊन बसच्या दारात उभा राहिला. "फोन टाका राव यात. वर वारं लय हाय, हातातनं सुटंल." दहा वर्षं माझ्या डब्यातून जेवणारा माणूस. आम्ही निमूट टाकले.

दीपगृहाचा गोल जिना चढून वर आलो तर तिन्ही बाजूंना समुद्र. इतका उजेड की डोळे मिटावे लागले. कानात कायम घुमणारा मशीनचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा थांबला.

संध्याकाळी बसमध्ये फोन परत मिळाले. बायकोचे सतरा मिसकॉल होते. तिला फोन लावला तेव्हा कळलं, कंपनीतून दिवसभर ट्रेलर आमच्या मशीन घेऊन जात होते. दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप होतं.

टोपीत फोटोवाल्याने दीपगृहाखालीच काढून दिलेला फोटोही निघाला. आम्ही सगळे हसतोय, दत्ताभाऊ तेवढा घड्याळ बघतोय. तेव्हा मला वाटलं होतं, बिचाऱ्याला आमच्या जेवणाची काळजी.