मल्लप्पाची दोन बोटं

मल्लप्पा गेल्याचं कुंभारीहून शेळी घेऊन आलेल्या बाईने सांगितलं, तेव्हा मी दवाखान्यात इंजेक्शनच्या सुया उकळत होतो. महिना होऊन गेला, पण त्याच्याविषयी कुणाशी धड बोलता आलेलं नाही. म्हणून लिहितोय. मल्लप्पा टांगेवाला. रोज सकाळी कुंभारीहून सोलापूरला येताना आमच्या जनावरांच्या दवाखान्यावरून जायचा. "तुमचं शिक्षण कागदावर, माजं हातात," असं मला तोंडावर म्हणायचा आणि वर माझाच चहा प्यायचा.

दुष्काळानंतरच्या वर्षी त्याच्या घोडीला शिंगरू झालं. बेंबीपाशी लिंबाएवढा फुगा. पोटाला तिथे भोक राहिलं की आतडं खाली उतरतं. पुष्कळदा वाढत्या वयात ते आपोआप बुजतं. माझी दोन बोटं आत जात होती. मी सांगितलं, "रोज फुगा आत दाबायचा आणि भोक मोजायचं. दोन बोटं असेल तोवर थांबू, तीन झालं तर ऑपरेशन." म्हातारी घोडी आणखी किती दिवस टांगा ओढणार... त्याची सगळी भिस्त त्या शिंगरावर होती. "कापल्यावर जगंल का वो?" एवढंच त्याने विचारलं.

तेव्हापासून टांगा दवाखान्यासमोर आला की तो लगाम डाव्या हातात घ्यायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं वर करायचा. मी व्हरांड्यातून मान हलवायचो. चार महिने हे चाललं. कुंभारी काही लांब नाही, पण रोज घरपोच निरोप मिळत असताना कोण उठून जातो? आळसाला निमित्तच हवं असतं.

एका दुपारी तो टांग्याशिवाय, कुणाच्या तरी सायकलवर आला. "फुगा आत जाईना, डॉक्टर. दगडावानी झालाय." मी पोचलो तेव्हा शिंगरू लोळत होतं. तिथेच गोठ्यात पोट उघडलं, तर अडकलेलं आतडं काळं पडलेलं. शिंगरू पुन्हा उठलं नाही. नंतर मल्लप्पा माझ्या हातांवर पाणी ओतत होता, आणि तांब्याभोवतीची त्याची बोटं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. लगाम ओढून ओढून जाडजूड झालेली. त्याची दोन म्हणजे माझी तीन. मी हात पुसले आणि बॅग आवरायला घेतली.

शेवटचा भेटला तो इस्पितळात. पोटाचंच दुखणं, तिथल्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. छताकडे बघत म्हणाला, "त्या शिंगराचं... रोज मोजत हुतो की वो मी. माजंच कायतरी चुकलं आसंल."

"नाही रे," मी म्हणालो. पुढचं ओठांवर आलं होतं, पण लाज वाटली. उद्या सांगू म्हणून उठलो... दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा तो शुद्धीत नव्हता.

शिंगरू गेलं तेव्हापासूनची एक सवय मला आहे. कुणी बेंबी उतरलेलं शिंगरू आणलं की मी आधी मालकाचा हात मागतो आणि त्याची बोटं माझ्या बोटांशेजारी धरून बघतो. परवा मंगळवेढ्याचा एक जण हसून म्हणाला, "नशीब बगताय व्हय, डॉक्टर?" मी व्हरांड्यातून हलवायचो, तशी नुसती मान हलवली.