दोरीवरच्या पट्ट्या

चॅम्पियन हरला की दुर्गजवळच्या आमच्या चरोद्यात कुणाला सांगावं लागत नसे. ग्लोव्हजच्या आत मुठींना गुंडाळायच्या कापडी पट्ट्या तो दुसऱ्या दिवशी घरासमोरच्या नळावर स्वतः धुई आणि रस्त्यावरून दिसतील अशा वाळत घाली. जिंकला तर हेच काम वहिनी करायच्या, मागच्या अंगणात. एकदा मी चिडलो, "अरे, निदान मागं तरी वाळत घाल!" तर म्हणाला, "जितलो त ते धुते. हारलो त मीच धुतो. माह्या हाराचं वझं तिच्यावर कावून?" असा त्याचा न्याय.

आम्ही रसमड्याच्या एका कारखान्यात एकाच पाळीला होतो. तो बॉक्सिंगमधला राज्याचा विजेता, पदकं पेटीत घालून ठेवलेला. मी त्याच्या पट्ट्या बांधणारा, फेऱ्यांच्या मधे तोंडावर पाणी मारणारा. तिशी उलटल्यावर त्याला व्यावसायिक लढतींचं खूळ लागलं. चॅम्पियन हे नाव चिकटलेलंच राहिलं, पण समोरची दोरी वरचेवर भरू लागली.

रायपूरला गुणांवर हरला. नागपूरला सगळ्या सोयऱ्यांसमोर दुसऱ्याच फेरीत आडवा झाला आणि दुर्ग येईपर्यंत त्या पोराच्या डाव्या हाताचं कौतुक करत बसला. "काय हात होता गा! दिसलाच नाही मले." मला त्याचा राग येत होता आणि भरूनही येत होतं. तिसऱ्या वेळी भुवई फाटली. पंचांनी लढत थांबवली, तर हा त्यांच्याशीच भांडला. "थांबवलेली हार माही नाही," म्हणाला, आणि त्या खेपेला पट्ट्या धुतल्याच नाहीत.

चौथ्या लढतीला निघताना वहिनींनी मला दारात अडवलं. अलीकडे त्याची जीभ जड झाली होती, सकाळी चहाचा कप हातात लटपटायचा. "भाऊजी, मार जास्त झाला का टॉवेल फेकजा. ह्यांचं काही ऐकू नका." कोपऱ्यातून टॉवेल आत पडला की लढत तिथंच संपते. मी मान डोलावली. गाडीत चॅम्पियननं माझं मनगट धरलं. "टॉवेल फेकला त दोस्ती संपली. हारीन, पन उभा राहून हारीन." मी तिथंही मान डोलावली.

सहा फेऱ्यांची लढत होती. पाचव्या फेरीत त्याचे हात खाली आले. तो ठोसे खात माझ्याकडे बघत होता आणि मान हलवून नको नको म्हणत होता. ओला टॉवेल मी पिळून पिळून कोरडा केला, पण फेकला नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा तो उभा होता, हे खरं. परतीच्या गाडीत त्यानं मला माझं नाव विचारलं.

आता तो घरीच असतो. लढत काल झाली असंच त्याला रोज वाटतं, म्हणून रोज सकाळी त्याच विरलेल्या पट्ट्या धुतो. रविवारी मी गेलो की विचारतो, "कोनासंग हारलो गा मी?" मी नाव सांगतो. मग मान वर करून दुसरा प्रश्न, "टॉवेल फेकला का तू?"

दारात वहिनी उभ्या असतात.

"नाही," मी म्हणतो.

"शाब्बास. दोस्त असावा त असा."

त्यानं थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. तो ओल्या हातानं माझी पाठ थोपटत राहतो, आणि वहिनी बादली उचलून आत जातात.